बंगईच्या साखळीला टांगलेला पारवा

रोमच्या पोपनं मला ऑर्डर दिली, ही बातमी राजापेठेत मीच पसरवली. पहिल्या दिवशी मी फक्त चिठ्ठी आली असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीचा माणूस झाला. आठवडा सरेपर्यंत तो माणूस पांढऱ्या गाडीतून उतरला होता, त्याच्या हातात सोन्याच्या मुठीची काठी होती आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या. समोरच्या ट्यूशन क्लासची पोरं माझ्या ओट्याला टेकवून गाड्या लावतात. त्यातल्या एकीनं विचारलं, "काकाजी, पोपच्या माणसाच्या चपला कोणत्या होत्या?" मी म्हटलं, "कोल्हापुरी." बाकी सगळं त्या पोरांनी पचवलं होतं, पण कोल्हापुरीवर सगळे हसले आणि माझी अख्खी बातमी त्या चपलेखाली चिरडली गेली.

खरं होतं ते फारच लहान होतं. भातकुलीच्या रस्त्याला एक छोटं चर्च आहे. तिथले फादर धूपदानीची तुटलेली साखळी जोडून घ्यायला माझ्याकडे आले होते. स्कूटरवर, हेल्मेट घालून.

मी सोनार. कसा सोनार, हे माझ्याच तोंडून ऐकण्यात अर्थ नाही, कारण मी थोडं वाढवून सांगतो. तरी सांगतो. तरुणपणी मी मुंगीच्या नाकात बसेल एवढी नथ केली होती. मुंगी पुढे हरवली, म्हणून पुरावा राहिला नाही. आता लोक नवीन दागिना एसी शोरूममधून घेतात, तिथं दागिन्यासोबत कोल्ड्रिंक मिळतं. माझ्याकडे येतं ते फक्त तुटलेलं. पैंजणाचा हूक, जोडव्याची चीर, मंगळसूत्राची दबलेली वाटी. लोक वस्तू ठेवतात, "उद्या येतो" म्हणतात आणि जातात. पूर्वी सोनार गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचा. आता गिऱ्हाईक सोनाराला म्हणतं. एवढाच काय तो फरक पडला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दार उघडं असलं की मागची बैठक दिसते, आणि बैठकीतली बंगई. बंगई म्हणजे घरातला झोपाळा. पुण्याकडच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगितलं. सागवानी पाट आणि चार कोपऱ्यांना चार पितळी साखळ्या. साखळीत दर वीतभर अंतरावर एक पितळी पोपट, मग हत्ती, मग पुन्हा पोपट. माझ्या बायकोबरोबर ही बंगई अकोल्याहून आंदणात आली. मी लोकांना सांगायचो, की बंगई हत्तीवरून आली आणि साखळीतले हत्ती ती त्याचीच पिल्लं. आली खरी मालट्रकमधून, कपाशीच्या गठाणींवर पालथी.

बायकोला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून बंगई कलते. दोघांच्या वजनाची सवय झालेली, एकटा बसलो की माझी बाजू खाली जाते आणि तिची वर येते. "मधात बसत जा ना," असं सगळे सांगतात. मधे मला बसता येत नाही. माझी जागा डावीकडची आहे. मग मी तिच्या बाजूला वजन ठेवायला लागलो. तुरीच्या डाळीचा डबा ठेवला, तो हलका पडला. ऐरण ठेवली, तर मीच उडून छताला लागलो आणि मला पंख्यावरून उतरवायला अग्निशमनवाले आले. म्हणजे आले असते. शेवटी जुन्या पाण्याच्या मोटारीवर जमलं. संध्याकाळी मी एका बाजूला आणि मोटार दुसऱ्या बाजूला, अशी आमची बंगई चाले. मोटार फार बोलत नसे.

मुलगी अकोल्याला दिली आहे. रोज दिवेलागणीला तिचा फोन. "जेवले का, बाबा?"

"आज मांडे केले होते."

"कोणी?"

"मीच. हातावर फिरवले, अर्ध्या राजापेठेवर सावली पडली. लोकायले वाटलं ढग आलं."

"खिचडी खाल्ली ना?"

"खिचडी."

मग तिचा रोजचा प्रश्न: अकोल्याला कधी येता? आणि माझं रोजचं उत्तर: बंगई कुठी टांगू? तिच्या फ्लॅटचं छत पांढऱ्या पीओपीचं, वेलबुट्टीचं, लग्नाच्या केकसारखं. त्यात कडी नाही. बंगई तर अकोल्याचीच, पण अकोल्यात आता तिला टांगायला जागा नाही. या उत्तरावर ती दरवेळी विषय बदले. मला माझं उत्तर फार आवडे. त्याला तोड नव्हती.

तर फादर. धूपदानी माझ्या हातात देता देता त्यांची नजर मागच्या खोलीत गेली. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून ते सरळ बंगईपाशी गेले आणि साखळीतला पोपट दोन बोटांत धरून पाहायला लागले. ते मूळचे केरळचे. "पण वऱ्हाडात इतके साल झाले, काकाजी," ते म्हणाले, "की आता आईशी मल्याळममध्ये बोलतो, तर मधेच 'काहून' येते. आई घाबरते." मग त्यांनी मोबाईल काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला.

फोटोत कबूतर होतं. तांब्याचं. युरोपातल्या कोणत्या तरी थंड गावात, काचेच्या कपाटात ठेवलेलं, आठशे वर्षांचं. अंगाला सोन्याचा मुलामा. पंखांवर मीना भरलेला, निळा, हिरवा, पांढरा, प्रत्येक पिसाला तांब्याची वेगळी चौकट कोरून. डोळ्यांत काचमणी. पाय एका गोल ताटलीवर रोवलेले, ताटलीच्या कडेला बारीक साखळ्या, त्या वर जाऊन एका मोठ्या साखळीत मिळालेल्या. आणि पाठीवर, दोन पंखांच्या मधे, बिजागरीचं झाकण.

"पाखराच्या पाठीले झाकण?" मी म्हटलं. "हे काय, कुंकवाचा करंडा होय?"

"इसमें रोटी रखते थे," फादर म्हणाले. "पवित्र भाकर. आमचे जे लोक बीमार आहे, बिछान्यावर आहे, चर्चमध्ये येऊ शकत नाही, त्याच्या वाटची. हे वेदीच्या वर टांगलेलं असायचं. कोणाची खबर आली, की बुवा आता जाते हा माणूस, तर पाद्री साखळी सोडायचा, कबूतर खाली यायचं, झाकण उघडून भाकर काढायची आणि त्याच्या घरी जायचं. त्या काळात सोनार लोक हे असंच बनवत. चर्चचं काम म्हणजे सोनाराचं काम."

"म्हणजे झाकून ठेवलेलं ताट," मी म्हटलं.

फादरनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "हां," ते म्हणाले. "ताटच."

पूर्वी लग्नसराईत मला सराफ्यातून यायला उशीर होई. घरात शिरलं की चुलीजवळ ताट असे, वर दुसरं ताट उपडं. बायकोला झोप लागलेली असो की नसो, ताट झाकलेलं असे. उपड्या ताटाला आतून वाफेचे थेंब धरलेले असत. हे मी फादरना सांगितलं नाही. त्यांना मी सांगितलं, की असं कबूतर तर मी झोपेत करतो, डावा हात उशीखाली ठेवून.

"पण एक गोष्ट," ते म्हणाले. "आता भाकर भिंतीतल्या कुलपाच्या पेटीत ठेवावी लागते, तो नियम आहे. हे नुसतं टांगायचं. खाली."

"रिकामं टांगून काय फायदा?"

"दिसलं पाहिजे, काकाजी. की जो आला नाही, त्याच्यासाठीपण कोणी ठेवत होतं."

नाताळच्या आधी द्यायचं ठरलं. फादर गेले, आणि मी त्या क्षणापासून पोपचा सोनार झालो.

आता गंमत अशी, की सोनाराच्या हाताला दोनच पाखरं येतात. मोर आणि पोपट. जन्मभर नथीत मोर केले, करंड्यावर पोपट केले. तिसरं पाखरू हातात नाहीच. पहिल्या खेपेला तांब्याच्या पत्र्याचे दोन अर्धे भाग राळेच्या मऊ थरावर ठोकून काढले, जोडले, आणि चोच बघतो तर वाकडी. पोपट. तो मोडला. दुसऱ्या खेपेला आमच्या गल्लीतले पॉलिशवाले चाचा आले. माझ्या वयाचे, माझ्याइतकेच रिकामे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझं काम फिरवून फिरवून पाहिलं.

"उस्ताद, ये क्या बटेर बनाई?"

"कबूतर होय ते."

"मुर्गी है. अंडे देगी. पोप को बोलो, आमलेट बनाके खा."

मग मी रोज सकाळी उड्डाणपुलाखाली जाऊन पारवे पाहायला लागलो. खरं कबूतर पांढरं आणि पाळीव. आपल्याकडे ते मिळतं कुठं? आपल्याकडे पारवा. राखाडी, गळ्यावर हिरवीजांभळी झाक, लाल पाय. पुलाच्या खांबावर बसून ते दिवसभर घुमत असतात. वरून ट्रक चालले आहेत, खालून गाड्या चालल्या आहेत, आणि हे आपले गळा फुगवून, मान झुकवून, गोल गोल फिरून, "घुटर्घूं." मी एवढा वेळ उभा राहिलो की एका बाईनं माझ्या हातावर केळं ठेवलं. मी घेतलं. गोड होतं.

तिसऱ्या खेपेला पाखरू जमलं. पण फोटोतलं शांत, चोच मिटून बसलेलं, निजलेल्या लेकरासारखं. माझ्या पाखराचा गळा फुगलेला. घुमण्याच्या ऐन तंद्रीतला पारवा. मी ते बदललं नाही. मला तेवढंच दिसलं होतं.

मीन्याच्या कामाला डोळे लागतात, म्हणून फादरनी फोटो मोठा करून माझ्या फोनवर दिला होता. बोटांनी पसरवला की एकेक पीस भाकरीएवढं दिसे. डाव्या पंखावर, तिसऱ्या ओळीत, एक चूक सापडली. निळा मीना चौकट सोडून हिरव्यात सांडला होता, तिळाएवढा. त्या दिवसापासून माझी त्या कारागिराशी दोस्ती झाली. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. त्यानं ते कुठं कोरलेलंही नाही. मी काम करता करता त्याच्याशी बोलायला लागलो. "काय गड्या, हात हलला ना? काहून हलला?" आठशे वर्षं मागून उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून उत्तरही मीच द्यायचो. कधी म्हणायचो, भट्टीतून ठिणगी उडाली. कधी, मांजर आडवं आलं. पण मला पक्कं माहीत होतं काय झालं ते. आतून त्याच्या बायकोनं जेवायला हाक मारली. तो "आलो, आलो" म्हणाला आणि हात हलला.

त्या निळ्या ठिपक्यावर मी फार जळलो. माझं काम तर अगदी साफ झालं होतं. एक रेघ इकडची तिकडे नाही.

चाचांनी सोन्याचा मुलामा चढवून दिला, त्यांची मस्करी थांबली. "माशाल्ला," म्हणाले, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ताटलीसकट त्या पारव्याचं वजन चांगलंच भरलं. घरी आणून ठेवायचा कुठं? फळीवर ठेवला तर फळी वाकली. मी मोटार उचलून खाली ठेवली आणि पारवा बंगईवर ठेवला, तिच्या बाजूला. बसलो. बंगई सरळ झाली. चार वर्षांनी पहिल्यांदा पाट जमिनीला समांतर, पाण्याचा पेला ठेवा वाटलं तर. साखळ्या कुरकुरल्या, तशाच, जशा पूर्वी दोघं बसल्यावर कुरकुरत. मी पायानं झोका दिला.

मुलगी आली ती त्याच आठवड्यात, न कळवता. पोपची गोष्ट फोनवरून अकोल्याला पोचली होती आणि जावईबुवांनी ती त्यांच्या ऑफिसात सांगितली होती. तिला वाटलं, बाप आता डोक्यानं पुरता गेला. सकाळच्या बसनं आली, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. उंबऱ्यातच थांबली.

"हे काय होय, बाबा?"

"पोपचं कबूतर. पाहा, डोळे पाहा त्याचे, असली..."

"हा पारवा होय."

"कबूतर."

"पारवा होय, बाबा. गळा पाहा त्याचा. पुरा घुमून राहिला." तिचा आवाज चढला. "आन् आईच्या जागेवर ठेवला तुमी?"

मला ते सुचलंच नव्हतं, असं नाही. सुचलं होतं आणि मी सरकवून दिलं होतं. तिची आई पारव्यांची वैरी. गॅलरीत पारवा उतरला की हातातलं पीठ टाकून झाडू घेऊन धावायची. पारवा घरात घुमला की घर ओस पडतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. ती जरा जास्त मानायची. घुलघुल आवाज आला, की आमची पोर दोन चोट्या उडवत आईच्या मागे, "हाड, हाड!"

"हा तांब्याचा आहे, बेटा," मी म्हटलं. "हा घुमत नाही."

"तो नाई घुमत. तुमी घुमता. एकटे. फोनवर मले रोज आयकू येते."

मी हसलो. माझ्याच पोरीचं बोलणं, माझ्याच टाकसाळीतलं. मग मला काय झालं, कोण जाणे. तोंडात नेहमीचं काहीतरी येत होतं, पोपचं, विमानाचं, ते आलं नाही. दुसरंच आलं.

"ओस पडायले आता राहिलं काय, बेटा?" मी म्हटलं. "घर तर पडलंच ओस. हा तर मागून आला."

ती आत गेली. आत तिला जे दिसलं ते मला बाहेरून कळत होतं, कारण ते रोज मलाही दिसतं. ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट. एक पेला. एक चमचा. नळ चालू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ. धुवायला तर तिथं काही नव्हतं.

नेमके तेव्हाच फादर आले. हेल्मेट हातात, काखेत पिवळ्या नायलॉन दोरीचं भेंडोळं. पारवा पाहिला आणि तिथंच खाली बसले, फरशीवर. पंखांवरून बोट फिरवलं, झाकण उघडलं, मिटवलं, पुन्हा उघडलं. "काकाजी," एवढंच म्हणाले, दोनतीन वेळा. मुलगी चहा घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण चहा दिला.

"फादर, एक सांगू?" ती म्हणाली. "आमच्यात हे पाखरू अपशकुनी असते. घरात."

फादर दचकले. "मले कोणी सांगितलं नाही. काकाजी, आपने बताया क्यों नहीं?"

"मी तर कबूतर केलं होतं," मी म्हटलं. "मधातच पारवा झाला."

"याच्या पोटात काय ठेवायचं?" तिनं विचारलं.

फादरनी तिला सांगितलं, जे मला सांगितलं होतं. जे येऊ शकत नाहीत त्यांची भाकर. ती उभ्या उभ्या ऐकत होती, हातात रिकामा ट्रे. फादर थांबल्यावर तिनं पहिल्यांदा पारव्याकडे नीट पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे, आणि मग त्या नायलॉनच्या दोरीकडे.

"हे असं सोन्यासारखं पाखरू," ती म्हणाली, "कपडे वाळू घालायच्या दोरीले टांगता?"

"साखळी पाहून राहिलो," फादर ओशाळून म्हणाले. "जुन्या धाटणीची भेटत नाही."

"हे काय समोर आहे. पोपटवाली. एक घेऊन जा."

मी बंगईवर बसलेलो होतो. साखळी माझ्या खांद्याला लागून होती. "चार असतात त्या," मी म्हटलं. "एक काढली तर बंगई कशी राहीन?"

"नाई राहणार," ती म्हणाली. अगदी सहज. "अकोल्यात तर कडीच नाही ना, बाबा? मंग ठेवून काय करता?"

माझ्या उत्तराला तोड नव्हती, असं मी वर म्हटलं आहे. तिनं ते तोडलं नाहीच. नुसतं उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

फादर घाईघाईनं उठले. नाही नाही, काकाजींची बंगई कशाला, मी नागपूरहून आणवतो, असं काही बोलत राहिले. पारवा त्या दिवशी नेला नाही. मुलगी संध्याकाळच्या बसनं गेली. डबा ठेवून गेली. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, जवसाची चटणी, दोघांना पुरेल एवढं. मी अर्धं खाल्लं आणि अर्धं झाकून ठेवलं. कोणासाठी, ते विचारू नका. सवय.

नंतरचे काही दिवस मी रोज बंगईवर बसत होतो, पारव्याशेजारी, आणि बंगई सरळ राहत होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. पण माझ्या लक्षात येत होतं, की ती सरळ आहे ती बायकोमुळे नाही. आधी मोटार होती, आता पारवा आहे, उद्या सिमेंटची गोणी असेल. आणि पारवा तर द्यायचा होता. तो मी दुसऱ्यासाठी केला होता.

शनिवारी सकाळी मी चाचांना बोलावलं. स्टुलावर चढून छताच्या लाकडी सरातल्या कडीतून साखळी सोडवली. तिच्या बाजूची, पुढची. पाट एका कोपऱ्यावर खाली आला आणि चाचांनी तो दोन्ही हातांनी धरला, जसं कोणी चक्कर येणाऱ्या माणसाला धरतं.

"उस्ताद, सोच लो. तीन टांग की बंगई किसी काम की नहीं."

"सोचलं."

"नई चैन ले आते सराफे से. घंटे भर का काम."

"माहीत आहे," मी म्हटलं.

सोनार आहे मी, साखळी मला करताही आली असती. केली नाही. साखळी घेऊन मी ओट्यावर बसलो आणि चिंचेच्या कोळानं घासली. बायको दर दिवाळीला ती घासायची. पोपटांच्या चोचा तिनं घासून घासून एवढ्या गुळगुळीत करून ठेवल्या होत्या, की त्यांना आता चोच नव्हतीच, नुसतं डोकं होतं. दुरून पाहिलं तर पारवेच वाटतील. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

चर्च बाहेरून शाळेच्या वर्गासारखं आहे, टिनाचं छत, आत निळी भिंत, काही बाकं. फादरनी वेदीच्या वर लोखंडी कप्पी बसवून ठेवली होती, कोणाच्या तरी पडक्या विहिरीवरची. आम्ही साखळी कप्पीवरून घेतली, पारवा अडकवला आणि फादरनी ओढला. पोपट, हत्ती, पोपट, हत्ती असे एकामागून एक कप्पीवरून सरकत गेले आणि पारवा वर चढला. फुगल्या गळ्याचा, मान जराशी झुकवलेला, राजापेठच्या पुलाखालचा. टिनाच्या फटीतून ऊन आलं आणि त्याच्या पोटावर पडलं. तिथं सफाईला आलेली एक म्हातारी बाई होती. तिनं पदर डोक्यावर घेतला.

फादरना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी साखळी सैल सोडली, पारवा खाली आला, त्यांनी झाकण उघडलं आणि आत पाहतच राहिले.

"काकाजी, ये क्या है?"

"ज्वारी."

"ज्वारी?"

"आमच्यात कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत," मी म्हटलं. "साखर ठेवणार होतो, पण पाखरू आहे म्हणून..."

बाई तोंडाला पदर लावून हसली. फादर हसले नाहीत. आतले दाणे त्यांनी तळहातावर ओतले. मूठभरच होते. थोडे खिडकीत टाकले, आणि थोडे, मी पाहत असताना, परत आत ठेवले. झाकण मिटवलं. पारवा पुन्हा वर गेला.

मी मागच्या बाकावर थोडा वेळ बसलो. वारा आला की साखळी कुरकुरे. तोच आवाज. दुपारी जेवण झाल्यावर, ती सुपारी कातरत असताना, पाट हलायचा तो. मी डोळे मिटले तर ती उजवीकडे होती. मी बाकावरही डावीकडेच बसलो होतो.

घरी आलो. पाट भिंतीला लावून उभा होता, खाली तीन साखळ्यांचा ढीग. बैठक मैदानाएवढी मोठी झाली होती. मी आवाज दिला तर नांदगाव खंडेश्वरहून परत ऐकू येईल एवढी. मी आवाज दिला नाही. बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्यानंच मुलीला फोन लावला. एरवी फोन तिचा येतो.

"काय झालं?" ती घाबरूनच बोलली.

"काही नाही. पारवा टांगला. पोप स्वतः आले होते. टाळ्या वाजवल्या. माहा सत्कार करून राहिले होते, मीच नाही म्हटलं."

"आन् साखळी?"

"दिली."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मी म्हटलं, दोन दिवस येऊन जाव," मी म्हटलं. "दोनच. दुकान आहे मले. संध्याकाळच्या बसनं निघतो, पोचायले उशीर होईन. तुमी लोक खाऊन झोपून जा. मी इकूनच जेवून निघतो."

"बाबा," ती म्हणाली, "जेवून नका निघू."